अंगणापर्यंत न पोहोचलेली मुले

१/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ‘एकात्मिक बालविकास सेवा योजना’ सुरू केली. आरंभी देशभरात तिचे अवघे ३३ प्रकल्प होते. त्यांतला एक मेळघाटातील धारणीला मिळाला. अंगणवाडी, पूरक आहार, मुलांची वजने, लसीकरण ही सारी व्यवस्था देशात ज्या मोजक्या ठिकाणी सर्वांत आधी उभी राहिली, त्यांत सातपुड्यातला कोरकूंचा हा दुर्गम मुलूख होता.

२/
अठरा वर्षांनी, १९९३ च्या पावसाळ्यात, त्याच मेळघाटात मुले एकामागून एक दगावली. ‘कुपोषण’ हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला आणि मेळघाटच्या नावाला कायमचा चिकटला.

योजना जिथे सर्वांत आधी गेली, तिथेच असे का घडावे? उत्तर शोधण्यासाठी मेळघाट काही काळ बाजूला ठेवून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डीला जावे लागते. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म तिथला आहे.

३/
साल १९४५. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होती. याच वर्षी या तालुक्यात दोन घटना घडल्या, ज्यांचा उल्लेख सहसा एकत्र होत नाही. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. आणि त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई मोडक मुंबईतले काम मागे ठेवून बोर्डीत बालशिक्षण केंद्र उघडायला आल्या.

एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे गांधीविचार. मार्ग पूर्णपणे वेगळे; समोरची माणसे मात्र एकाच मुलखातली.

४/
त्या माणसांची स्थिती सरकारी कागदांतही नोंदलेली होती. डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी अहवाल दिला. जमीनदार व जंगल-ठेकेदारांच्या हाताखाली राबणारी, कर्जापायी बांधली गेलेली कुटुंबे त्यात दिसतात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ‘खावटी’ उचलायची आणि सुगीत ती दीडपट-दुपटीने फेडायची.

५/
‘खावटी’ हा शब्द नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे. खाण्यासाठी काढलेले कर्ज, एवढाच त्याचा अर्थ. लावणीच्या दिवसांत, म्हणजे ज्या काळात शरीराला सर्वाधिक कष्ट पडतात, त्याच काळात कणगी रिकामी असते. मग नागलीची पातळ आंबील, ओढ्यातले खेकडे, रानभाज्या आणि कडूकंद. हा कंद तसाच खाता येत नाही. काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढावा लागतो. रानाचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते आणि त्याने असंख्य जीव तगवले. पण वर्षाच्या बाळाला कडूकंद भरवता येत नाही. बाळाच्या वाट्याला आंबिलीचे पाणीच येई.

६/
ताराबाईंकडे वळू. मुंबईत जन्म (१८९२), प्रार्थनासमाजी घर, पुढे राजकोटला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य, मग भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी. १९२६ मध्ये ‘नूतन बाल शिक्षण संघ’ आणि १९३६ मध्ये दादरचे ‘शिशुविहार’. माँटेसरी पद्धत भारतीय मातीत रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या त्या होत. पण ती बालमंदिरे शहरी मध्यमवर्गाची होती, आणि माँटेसरीची साधनेही महाग. खेड्यातल्या, फाटक्या घरातल्या मुलाला हे कसे मिळणार, या प्रश्नाने त्यांना बोर्डीला आणले. सोबत होत्या अनुताई वाघ. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या आणि नंतर शिक्षिका म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या.

७/
बोर्डीत बालवाडी उघडली. वेळ ठरली, जागा ठरली, साधने मांडली. खात्यापित्या घरांतली मुले आलीही. दलित वस्तीतली आणि मच्छीमारांच्या वाड्यातली मुले मात्र येईनात.

आया पहाटेच कामाला जात. मुलांना न्हाऊमाखू घालून, कपडे चढवून, ठरल्या वेळी ठरल्या जागी पाठवणार कोण? आलेच तर तिथे आपल्या मुलांना बसू देतील का, ही शंका वेगळीच.

८/
यावर ताराबाई-अनुताईंनी जे केले ते आज फार साधे वाटते. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. वाड्यातल्या मोकळ्या जागेत झाडलोट करायची, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू करायच्या. शिंपले, बिया, पाने, खडे ही साधने. हीच अंगणवाडी. इमारत नव्हे, योजना नव्हे. जायचे कुणी कुणाकडे, याची उलटवलेली दिशा.

९/
१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यभागी हलले. तिथे दिशा आणखी उलटली. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळा येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षकच कुरणात गेले, ती ‘कुरणशाळा’. मुली येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग भावंडासाठी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, अशी ‘विकासवाडी’ उभी राहिली.

१०/
पाळणाघराच्या या तपशिलावर थोडे थांबले पाहिजे. सात-आठ वर्षांची मुलगी वर्षभराच्या बाळाला दिवसभर सांभाळते, म्हणजे बाळाला भरवणारीही तीच. बाळ किती वेळा खाते, काय खाते, रडले तर काय मिळते, हे सर्व एका स्वतः उपाशी असलेल्या लहान मुलीच्या हातात. कोसबाडचे काम शिक्षणाचे होते. त्याने पोटे भरली असा दावा कोणी करू नये, आणि वारल्यांच्या भुकेमागचे जमिनीचे दुखणे तर त्या टेकडीवरून सुटण्यासारखे नव्हतेच. पण गरीब घरातल्या दोन वर्षांखालच्या मुलाचा दिवस नेमका कसा जातो, हे तिथे कुणीतरी जवळ जाऊन पाहिले होते.

११/
१९७२ चा दुष्काळ सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. खडी फोडणारे हात, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही त्या पिढीची आठवण. बाळे कामाच्या कडेला, झाडाला बांधलेल्या झोळीत. माणसे जगवण्याच्या दृष्टीने हे काम असामान्य होते आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मात्र त्याची रचना मजुराभोवती होती. जो खडी फोडू शकतो, त्याच्या हाती दाम. त्याच्यामागे त्याचे कुटुंब.

१२/
ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. दोन वर्षांनी त्यांचा शब्द राष्ट्रीय झाला. ‘अंगणवाडी’ आसामपासून केरळपर्यंत पोहोचली. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. लाभार्थी म्हणजे सहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता. कागदावर यात काहीही सुटलेले नाही.

१३/
प्रत्यक्षात एक गोष्ट सुटली. अंगणवाडी आता एक खोली झाली. तिला वेळ आली, कुलूप आले, हजेरीपट आला. ती गावठाणात असे आणि पाडे दोन-तीन कोसांवर. शिजवलेली खिचडी किंवा उसळ तिथे येऊन खायची. जे मूल चालत येऊ शकते, म्हणजे तीन वर्षांपुढचे, ते येई आणि खाई.

बोर्डीतला शब्द सरकारने घेतला. दिशा मात्र पुन्हा जुनीच: मुलाने यायचे.

१४/
यात एवढे काय बिघडले, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र हवे. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. त्यानंतर वरचे अन्न सुरू व्हावे लागते, आणि खरा धोका तिथून साधारण दोन वर्षांपर्यंत असतो. बाळाचे पोट इवलेसे, एका वेळी वाटीभर मावणारे. आंबील किंवा पेज पातळ, म्हणजे पोट पाण्याने भरते आणि शक्ती फारशी मिळत नाही. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, घट्टसर, थोडे तेल किंवा गूळ घातलेले अन्न कुणीतरी बसून भरवावे लागते. त्यात हगवण किंवा न्यूमोनिया झाला की भूक मरते, वजन घटते, आणि घटलेल्या वजनाच्या बाळाला पुढचा आजार लवकर गाठतो.

या वयात खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून निघत नाही. चौथ्या वर्षी अंगणवाडीत खिचडी खाणारे मूल हे त्या अवघड वळणातून जिवंत बाहेर पडलेले मूल असते.

१५/
त्याही आधीचे एक वळण म्हणजे गर्भाचे. लहान वयात लग्न झालेली, रक्त कमी असलेली, दिवस भरेपर्यंत रोपे लावणारी बाई. तिचे बाळ अडीच किलोपेक्षा हलके जन्माला येते. त्याच्या कुपोषणाला आंबिलीच्याही आधी सुरुवात झालेली असते.

१६/
मोजण्याच्या पद्धतीवरूनही याच काळात मोठा वाद झाला, आणि त्याचे एक केंद्र पुण्यात होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. गरिबांच्या आहारात प्रथिनांची तूट आहे, असे जग मानत असताना, खरी तूट एकूण अन्नाचीच आहे हे दाखवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. पोट भरले तर बहुतेकांना प्रथिने आपोआप मिळतात. महागड्या प्रथिन-पावडरींची तेव्हा जी लाट होती, तिला त्यांनी दिलेला हा शह महत्त्वाचा होता.

१७/
पण सुखात्मे पुढे गेले. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेऊ शकते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक घेणारा प्रत्येक माणूस उपाशी धरू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच विचाराच्या आधारे १९८० च्या सुमारास डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञाने ‘लहानखुरे पण निरोगी’ अशी कल्पना मांडली: बुटकी राहिलेली बहुतेक मुले आजारी नसून लहान चणीची आहेत. पुण्यातच वि. म. दांडेकरांनी सुखात्म्यांना विरोध केला आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी या ‘निरोगी बुटकेपणा’वर कठोर टीका केली. गोपालन यांचा मुद्दा साधा होता. खुंटलेली उंची ही जुळवणूक नव्हे, ती मोजलेली किंमत आहे.

सुखात्म्यांचा हेतू भूक लपवण्याचा नव्हता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. मात्र निकष खाली आणला की भुकेल्यांची संख्या अन्नाविनाच कमी होते, हे प्रशासन नावाच्या यंत्रणेला कळायला वेळ लागत नाही.

१८/
अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलांची वजनावरून श्रेणी लावली जाई. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तिसरी आणि चौथी म्हणजे तीव्र कुपोषण. मूल तिसऱ्या श्रेणीत गेले की वरून विचारणा होणार. विचारणा होणार ती सेविकेला, जिला ‘वेतन’ नव्हे तर ‘मानधन’ मिळते आणि जिने पुरवठ्याचे धान्य उशिरा का आले याचा जाब कुणालाही विचारायचा नसतो. अशा स्थितीत श्रेणी कुठल्या दिशेने सरकतील?

१९/
आता मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला आणि जंगलावरचे निर्बंध वाढले. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी नाते नसलेली. त्यामुळे अंगणवाडीतले पोषणाचे धडे आईच्या कानावर परक्या भाषेत पडत. सिपना आणि गडगा यांसारख्या नद्यांना पूर आला की गावे तुटत. म्हणजे घरातले धान्य संपलेले, मलेरिया आणि हगवण शिगेला पोहोचलेली, आई शेतात, आणि अंगणवाडीचा पुरवठा नेमका तेव्हाच अडकलेला. योजना वर्षभर चाले, पण मुले ज्या तीन महिन्यांत मरत, त्या तीन महिन्यांत ती सर्वांत दुबळी असे.

२०/
१९९३ च्या आदल्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यूंनी हाहाकार झाला होता. कोसबाडपासून ते फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी सुरुवातीचे सरकारी स्पष्टीकरण जवळपास सारखेच होते: ही मुले भुकेने नव्हे, आजाराने मेली. शिवाय आदिवासींची अंधश्रद्धा, भूमकाकडे जाणे, पोटाला चटके देणे यांकडे बोट दाखवले गेले. चटके खरे होते. पण दवाखाना वीस कोसांवर आणि मध्ये पुराचे पाणी असताना भूमका शेजारच्या झोपडीत होता, हेही खरे होते.

‘आजाराने मेली’ हे विधान तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. कुपोषित मूल बहुतेकदा न्यूमोनियाने किंवा हगवणीनेच मरते. चांगल्या वजनाचे मूल त्याच न्यूमोनियातून उठून बसते, एवढेच त्या विधानात सांगायचे राहून जाते.

२१/
पत्रकार शीला बरसे यांनी मेळघाटचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. १९९५ मध्ये राज्याने आदिवासी भागांसाठी ‘नवसंजीवनी योजना’ आणली: पावसाळ्यापूर्वीच धान्य आणि औषधे पोहोचवायची, वैद्यकीय पथके गावोगाव फिरवायची, रोजगार हमीची कामे आणि खावटी कर्ज यांचा मेळ घालायचा. सावकाराची ‘खावटी’ आता सरकारी योजनेचे नाव झाली होती. मेळघाटसंबंधीच्या जनहित याचिका त्यानंतरही वर्षानुवर्षे न्यायालयात येत राहिल्या. दरम्यान बैरागडला रवींद्र व स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्याचे काम चालू होते. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

२२/
दिशा खऱ्या अर्थाने पुन्हा उलटली ती गडचिरोलीत. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळंतपण घरी होई, म्हणून आरोग्यदूत घरी जाई. नवजात बाळाचे वजन ती तिथेच करी, त्याला ऊबदार पिशवीत ठेवी, आईला पाजण्यास मदत करी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर अँटिबायोटिकचे इंजेक्शन देई. कमी शिकलेली खेड्यातली बाई बाळाला सुई टोचणार, ही कल्पनाच तेव्हा अनेक डॉक्टरांना धोक्याची वाटे. या ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

२३/
२००१ मध्ये १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून महाराष्ट्रातले बालमृत्यू स्वतंत्रपणे मोजले. अहवालाचे नाव ‘कोवळी पानगळ’. निष्कर्ष असा की राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके मरतात आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. मृत्यू केवळ मेळघाटात नव्हते. साध्या ग्रामीण भागात आणि शहरी झोपडपट्ट्यांतही होते. मेळघाटवर सारा प्रकाश पडल्यामुळे उरलेला महाराष्ट्र अंधारात राहिला होता. हे या इतिहासातले एक कडू सत्य आहे, कारण त्यामुळे कुपोषण म्हणजे ‘आदिवासींचा प्रश्न’ अशी सोय झाली होती.

२४/
२००५ मध्ये ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख व्ही. रमणी. मराठवाड्यातून आरंभ झालेल्या या मिशनने तीन गोष्टींवर भर दिला: प्रत्येक मुलाचे खरे वजन, खरी श्रेणी लिहिणाऱ्या सेविकेला शिक्षा नाही, आणि गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांना प्राधान्य. कुपोषणाची आकडेवारी वाढलेली दिसली तर तो गुन्हा नव्हे, ती कामाची सुरुवात, हे प्रशासनाला पटवणे हाच मिशनचा सर्वांत अवघड भाग असावा.

२००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आले. सहा-सात वर्षांत एवढी घट देशात क्वचितच कुठे झाली असेल. श्रेय एकट्या मिशनचे नव्हे. त्या वर्षांत उत्पन्न वाढले, रस्ते झाले, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. पण मुलांकडे पाहण्याचे वयच बदलले होते, आणि आकड्यांतही फरक पडला तो याच वयात.

२५/
मग आले पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्यासाठी आहार द्यायचा, म्हणजे पुन्हा मूल जिथे आहे तिथे अन्न जाणार, कल्पना उत्तम. पण ते बनवणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात ऑक्टोबर २००४ मध्येच स्पष्ट सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. महिला मंडळे, बचत गट आणि गावसमाज यांना प्राधान्य द्यावे. महाराष्ट्रात मात्र शिरा, उपमा आणि सुकडीची तयार पिठे मोठ्या पुरवठादारांकडून पाकिटांत येत राहिली. मुलांना चव आवडत नाही, पाकिटे गुरांपुढे जातात, अशा तक्रारी सर्वत्र झाल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची निविदा रद्द केली, कारण तिच्या अटींमुळे छोटे महिला गट स्पर्धेतूनच बाद होत होते.

एका मुलामागे दिवसाला मंजूर रक्कम २०१७ च्या सुधारणेनंतर ८ रुपये. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी अर्ध्या शतकानंतर पाकिटाच्या रूपाने परतली होती. आठ रुपयांत कागदावरचे उष्मांक तरी जुळत होते.

२६/
२०१५ च्या अखेरीस आदिवासी भागांत ‘अमृत आहार योजना’ आली. गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा पूर्ण ताजे जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे. पुढे मुलांनाही अंडी. अंड्याला पाणी घालून वाढवता येत नाही आणि त्यात भेसळ करता येत नाही, हे त्याचे प्रशासकीय गुणधर्म प्रथिनांइतकेच महत्त्वाचे आहेत.

२७/
पण २०१६ च्या पावसाळ्यात पुन्हा मोखाडा आणि जव्हार. बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. वावर-वांगणीला चोवीस वर्षे झाली होती, बोर्डीला एकाहत्तर. जिल्ह्याचे नाव तेवढे ठाण्याऐवजी पालघर झाले होते.

२८/
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले खुंटलेली होती. २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने हडकलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के. आधीच्या दशकातली घसरण थांबली होती. दरडोई उत्पन्नात देशाच्या पुढच्या रांगेत असलेल्या राज्यात दर चार मुलांपैकी एक हाडकुळे आहे, आणि पाच वर्षांत हा आकडा दशांशानेही हललेला नाही.

२९/
जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबे भात कापून झाला की भिवंडी आणि वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. खावटी आता ‘उचल’ झाली आहे. मालक पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, पैसे देतो आणि दिवाळीनंतर नवरा-बायको ते विटा पाडून फेडतात. परत यायला होळी, कधी पहिला पाऊस. बीडकडचे ऊसतोड कामगार, मेळघाटातून बाहेर जाणारे कोरकू मजूर, सर्वांचे वर्ष थोड्याफार फरकाने असेच.

३०/
बाळाचे नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत असते. वजनाचा तक्ता तिथे, लसींची नोंद तिथे, दर महिन्याचे पाकीटही तिथेच येते. बाळ भट्टीवर, राखेच्या ढिगाजवळ, कापडाच्या झोळीत असते आणि झोळी हलवायला सात-आठ वर्षांची बहीण असते. स्थलांतरित मुलांना जिथे असतील तिथल्या अंगणवाडीत सामावून घ्यावे, असे सरकारी आदेश आहेत. भट्टीपासून जवळची अंगणवाडी बहुधा गावात असते, रस्त्यापलीकडे. बहीण एकटी बाळाला कडेवर घेऊन तिथवर जात नाही.